मुरिएलचा लाल टोप

मित्रांनो, मी एक जुना टोप आहे. भात शिजवायचा नव्हे, डोक्यावर घालायचा. नाटक-सिनेमातल्या माणसांना टोप म्हटलं की लगेच कळतं, बाकीच्यांना सांगावं लागतं. मी खऱ्या केसांचा आहे, तांबडालाल आहे आणि उंच आहे, डोक्यावर मधमाश्यांचं पोळं ठेवावं तसा. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गावात, टीव्हीच्या जुन्या वस्तूंच्या संग्रहालयात, मला काचेच्या पेटीत ठेवलं आहे. पेटीत उजेड बेताचा, हवा कोरडी, ऊब हवी तेवढीच. कसर लागू नये म्हणून अधूनमधून औषध घालतात. माझी इतकी बडदास्त ठेवतात की माझा संताप होतो. तुम्ही म्हणाल, बडदास्तीचा कसला आलाय संताप? तेच तर सांगायचं आहे.

लंडनच्या एका गल्लीत, मिस लव्हडे नावाच्या बाईच्या माडीवर माझा जन्म झाला. कुठल्याशा दूरच्या खेड्यातल्या मुलींनी पोटासाठी विकलेले केस तिच्याकडे पेंढ्या बांधून येत. तिने ते धुतले, रंगवले आणि बारीक जाळीवर, इवल्याशा आकड्याने, एकेक केस गाठ मारून ओवला. मधूनच ती शिंकायची, मांडलेले केस उडायचे आणि ती स्वतःलाच शिव्या घालायची. जाळी मात्र तिने मनाने बेतली नव्हती. लीड्सच्या एका टीव्ही कंपनीकडून एका नटीच्या डोक्याचं माप आलं होतं, कपाळापासून मानेपर्यंत आणि या कानापासून त्या कानापर्यंत. त्या मापाच्या लाकडी डोक्यावर मी वाढलो. जिला अजून पाहिलंही नव्हतं, तिच्याच डोक्याचा मी होऊन बसलो.

ती नटी म्हणजे मुरिएल ऑल्डरॉइड.

लीड्सच्या स्टुडिओत रंगपटाच्या खुर्चीत ती बसायची, आणि बेरिल हिंचक्लिफ नावाची बाई तिच्या तोंडाला रंग लावून मग मला तिच्या डोक्यावर बसवायची. बेरिल हाडापेराने आडवी, जिभेने तिखट, पण बोटं लोण्यासारखी. मला बसवायला वेळ लागायचा. तेवढ्या वेळात मुरिएल बोलायची आणि मी ऐकायचो. तिचा जन्म मी पाहिला नाही, पण तिचं आयुष्य मला तोंडपाठ आहे.

ती हल बंदरातली. हेसल रोडवरची. तिचा बाप मासे धरायच्या मोठ्या बोटीवर होता, बर्फाच्या समुद्रात जायचा. ती शाळेत होती तेव्हा त्याची बोट गेली ती आलीच नाही. आईने मासे कापून पोरीला वाढवलं. पोरगी शाळेच्या नाटकात अशी काही उभी राहिली की मास्तरांनीच खटपट करून तिला लंडनला नाट्यशाळेत धाडलं. तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, हे हलचं बोलणं आधी तोंडातून काढ. मग काय, तोंडात गुळणी धरल्यासारखं गोलगोल बोलायला शिकवलं. हलचा शब्द चुकून निघाला की सगळ्या वर्गासमोर तिला तो पुन्हापुन्हा म्हणायला लावायचे आणि वर्ग हसायचा.

एवढं सोसून पुढे काय मिळालं? सिनेमात मोलकरीण. साहेबांच्या दिवाणखान्यात जाऊन सांगायचं, "साहेब, इन्स्पेक्टर आलेत." एका सिनेमात नाही, ढीगभर सिनेमांत.

"माझी सगळी जवानी त्या इन्स्पेक्टरला आत घेण्यात गेली गं," मुरिएल बेरिलला म्हणायची. "एकदा मेला थँक यू म्हणाला नाही."

"तुझ्याकडे बघितलं तरी का त्याने?" बेरिल विचारायची.

"बघेल कसा? कॅमेरा त्याच्यावर."

एकदा मात्र नायकाच्या बहिणीचं काम मिळालं होतं. चांगलं रडण्या-भांडण्याचं काम. सिनेमा लांबला म्हणून तिचे प्रसंग कापून टाकले. पोस्टरवर नायकाच्या मागे तिचं कोपर तेवढं राहिलं. आईने ते पोस्टर घरात लावलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती ते कोपर दाखवायची.

मग लीड्सच्या कंपनीने दर आठवड्याची मालिका काढली. तिचं नाव 'सॉल्टगेट'. बंदराच्या गल्लीतल्या माणसांची गोष्ट. त्यांना नटी हवी होती ती बंदरासारखं बोलणारी. ज्या बोलीसाठी मुरिएलला हसत होते, त्याच बोलीसाठी आता तिला बोलावणं आलं. जगाचा न्याय हा असा असतो. ती मिसेस नेल स्किपसी झाली. मासे तळून विकणारी विधवा, फटकळ, कुणाला न भिणारी, एकुलता पोरगा रॉनी त्याच्या बापासारखाच बोटीवर. आणि डोक्यावर मी.

आमचं छान जमलं. दिव्यांची धग अशी असायची की माझ्या जाळीखाली तिच्या कपाळावरून घामाच्या धारा लागायच्या, पण कॅमेरा तिच्याकडे असेपर्यंत तिने कधी हात वर नेला नाही. टीव्ही तेव्हा काळापांढरा होता. माझा लाल रंग लोकांना दिसायचाच नाही, त्यामुळे लोक तिचं तोंड बघायचे. ती भुवई किती उचलते, उधारी मागायला आलेल्याकडे कशी बघते, एकटी असताना कढई कशी पुसते. ते दिवस तिच्या खऱ्या मानाचे होते, असं मला आता वाटतं.

मग टीव्हीत रंग आला आणि माझं नशीब फळफळलं. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. गावोगावच्या बायका केशकर्तनालयात जाऊन "स्किपसी करून द्या" म्हणू लागल्या. वर्तमानपत्रांत माझ्यावर विनोद आले, चित्रं आली. नव्या दुकानाचं उद्घाटन असलं की बोलावणाऱ्यांचा निरोप यायचा, बाईंनी कृपया केसांसकट यावं. एकदा ती मुद्दाम स्वतःच्या केसांनी गेली. बारीक, पिकू लागलेले, कानामागे घेतलेले केस. नगराध्यक्ष फाटकाशी फुलांचा गुच्छ घेऊन उभे.

"मिसेस स्किपसी कुठे आहेत?" त्यांनी तिलाच विचारलं.

"तिचं डोकं दुखतंय," मुरिएल म्हणाली. "मी तिची थोरली बहीण."

त्यांनी तिला मागच्या रांगेत खुर्ची दिली. ही गोष्ट ती हसतहसत सांगायची. बेरिल मात्र हसली नव्हती. माझ्या अंगातून आरपार जाईल अशी तिने पिन खोचली होती.

अशी वर्षं गेली. जुने निर्माते गेले आणि नवे आले, मिस्टर जाइल्स फेअरबर्न. तरुण, उंच, गळ्यात लांब मफलर. माणूस शिकलेला होता, पण नाकाने कांदे सोलण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. त्याने मालिकेला जोर यावा म्हणून ठरवलं की रॉनी स्किपसीची बोट बुडवायची. त्याचा भाग लिहून आला. मिसेस स्किपसी आरशासमोर केस विंचरते आहे, बोटीच्या कंपनीचा माणूस दारात येतो, तिच्या हातातून कंगवा पडतो आणि ती हुंदके देते. कॅमेरा मागून, म्हणजे माझ्यावर.

मुरिएलने ते वाचलं आणि मी डोक्यावर असतानाच तरातरा त्याच्या खोलीत गेली. त्यामुळे पुढचं बोलणं मी माझ्या कानांनी ऐकलं, म्हणजे तिच्या.

"कंगवा?" ती म्हणाली. "पोराची बोट सापडत नाही, रेडिओला कान लावून बाई झिजलीय, आणि ती आरशापुढे केस विंचरतेय? कुठल्या गावची बाई आहे ही?"

"मुरिएल, डार्लिंग, लोक ते केस बघायला टीव्ही लावतात."

"मग बातमी टोपालाच द्या की. मी घरी जाते."

तो हसला. तिने हसू दिलं नाही. तिने त्याला सांगितलं, हलमध्ये माणूस समुद्रावर निघतो त्या दिवशी घरात धुणं धूत नाहीत. धुतलं तर तो वाहून जातो. तिच्या आईने बाप निघाला त्या दिवसापासून त्याचा अंगातून काढलेला सदरा दारामागच्या खिळ्यावर तसाच ठेवला होता, मासळीच्या वासासकट. बाप परत आल्यावरच सदरा धुवायचा. मग एके दुपारी कंपनीचा माणूस टोपी हातात घेऊन दारात आला. आई रडली नाही. तिने चुलीवर पाणी ठेवलं, तो सदरा खिळ्यावरून काढला आणि धुवायला बसली.

"आता कुणाला वाहून न्यायचं होतं?" मुरिएल म्हणाली. "मला तो सदरा धुऊ दे, बाळ. दुसरं काही नको. आणि हे केस नकोत. अशा दिवशी कुणाचे केस असे नसतात."

फेअरबर्न खिडकीबाहेर बघत होता. "धुणं धुताना बघायला कोण बसणार हो? लीड्सच्या खाली, दक्षिणेकडे, कुणाला कळणार तरी आहे का ते?"

"लीड्सच्या खालचं कुणी मेलं नाही ना त्या बोटींवर," ती म्हणाली. "कळेल कसं?"

तो म्हणाला, लिहिलंय तसंच करायचं. ती बरं म्हणाली. जिने सगळी जवानी बरं म्हणण्यात घालवली, तिचं ते बरं त्याला खरं वाटलं.

त्या काळी सगळा भाग एका दमात टिपून घेत. फीत महाग, कापाकापी त्याहून महाग. छत कोसळलं तरच थांबायचं, असा नियम होता. मुरिएलला तो चांगला ठाऊक होता. त्या दिवशी रंगपटात बेरिलने मला उचललं, तर तिने बेरिलचं मनगट धरलं.

"आज ह्याला इथेच बसू दे."

"नोकरी जाईल, मुरिएल."

"कुणाची? तुझी का माझी?"

"दोघींची जाईल गं बये."

"तू सांग, मी तुला कपाटात कोंडलं होतं."

"माझ्या मापाचं कपाट आहे का इथे?" बेरिल म्हणाली आणि तिने मला लाकडी डोक्यावर परत ठेवलं. मला राग आला. वर्षानुवर्षं जिची शोभा वाढवली तिने ऐन मोठ्या प्रसंगाला मला टाकलं, असं वाटलं. रंगपटात एक छोटा टीव्ही होता, त्यावर आतलं दिसायचं. बेरिल त्याच्यासमोर उभी राहिली, आणि मी तिच्या खांद्यावरून बघत राहिलो.

दार उघडं होतं. कंपनीचा माणूस झालेला नट आत आला आणि मुरिएलला बघून त्याची बोबडीच वळली. तिचे खरे केस, पांढरे, विरळ, पिनांखाली दबून डोक्याला चिकटलेले. एक पिन काढायची राहून गेली होती. त्याने कशीबशी बातमी सांगितली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने किटलीतलं पाणी बादलीत ओतलं, हात घालून ऊन आहे का बघितलं, दारामागचा सदरा काढला. एकदा नाकाशी नेला. मग कॉलरला साबण लावून घासू लागली, नेहमीच्या धुण्यासारखं, मळ निघाला का बघत. पुढचे शब्द नट विसरून गेला होता. बराच वेळ फक्त पाण्याचा आवाज येत राहिला. शेवटी तिने मान वर केली आणि म्हणाली, "चहा घ्याल ना?"

बस, एवढंच. बेरिल टेबलाला धरून उभी होती. आणि माझा राग कुठल्या कुठे गेला होता. मित्रांनो, मी त्या बाईच्या डोक्यावर बसून शेकडो वेळा कॅमेऱ्यापुढे गेलो आहे, पण तिचं सगळ्यात मोठं काम मी नव्हतो तेव्हा झालं. हे सांगताना मला कमीपणा वाटत नाही. खरं ते खरं.

बेरिलची बहीण हलमध्ये राहायची. तिने सांगितलं, तो भाग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी हेसल रोडवर एकाही बाईने धुणं वाळत घातलं नाही. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. नुसत्या दोऱ्या हलत होत्या.

पण मिस्टर फेअरबर्नना दोऱ्या दिसल्या नाहीत. त्यांना टेलिफोन ऐकू आले. देशभरातून लोकांनी विचारलं, मिसेस स्किपसीच्या केसांना काय झालं हो? त्यांनी मुरिएलला बोलावून सांगितलं, तुमचा करार आम्ही पुढे नेत नाही. तिने कारण विचारलं नाही, तरी त्यांनी दिलं. "लोकांचं प्रेम मिसेस स्किपसीवर आहे, डार्लिंग. तुमच्यावर नाही." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. हे मला बेरिलने सांगितलं, माझे केस विंचरताना, आणि विंचरताना तिने माझे एवढे केस उपटले की मला कळलं तिला काय झालंय.

आता तुम्हाला वाटेल, मुरिएल गेली म्हणजे मिसेस स्किपसीही गेली. छे. मिसेस स्किपसी पोराच्या दुःखाने व्हिटबीला बहिणीकडे गेली असं दाखवलं, आणि महिन्याभराने परत आली ती कॅरोलिन स्ट्रॉड होऊन. वयाने लहान, नाक वेगळं, हनुवटी वेगळी, बोलणं पुस्तकातलं. डोक्यावर मात्र मी. गल्लीतला पोस्टमन तिला म्हणाला, "आलात का मिसेस स्किपसी?" शेजारीण म्हणाली, "तब्येत सुधारली हो तुमची." एवढ्या मोठ्या गल्लीत एकालाही वाटलं नाही की बाईचं तोंड बदललंय. टीव्हीवाल्यांचा हिशोब असा की केस आहेत ना, मग बाई तीच. कॅरोलिन वाईट नव्हती. तिला पोट होतं, तिने काम घेतलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही, कारण ते बीळ तिने मागितलं नव्हतं. पण तिचं डोकं लहान होतं. मला बसवायला आत कापूस भरावा लागे. मी रोज त्या कापसावर बसायचो आणि रोज लाजेने मरायचो. लोक टाळ्या वाजवतच राहिले. त्यांना मी पुरत होतो.

आणि तो भाग? सदरा धुण्याचा? बेरिलने कंपनीत जाऊन विचारलं, त्याची फीत कुठे आहे, मुरिएलला एकदा बघायची आहे. तिने स्वतः कधी पाहिला नव्हता ना, तो लागला त्या संध्याकाळी ती स्टुडिओत पुढच्या भागाचं काम करत होती. कारकुनाने पाहून सांगितलं, पुसली. महाग फिती, पुसून पुन्हा वापरतात, सगळ्यांच्याच पुसतात. त्या फितीवर आता दारूच्या गुत्त्यातली बाण फेकण्याची स्पर्धा होती. भिंतीवरच्या गोल पाटाला जाड्या माणसांनी बाण मारायचे आणि बाजूच्यांनी ओरडायचं. मुरिएलच्या आईने धुतलेला तो सदरा, हेसल रोडच्या त्या रिकाम्या दोऱ्या, सगळं त्याच्याखाली गेलं. कुणी मुद्दाम केलं असतं तर मी समजलो असतो. कुणी मुद्दाम काही केलं नव्हतं, फीत हवी होती म्हणून घेतली होती. याचीच मला जास्त चीड येते.

पुढे मुरिएलला कामं मिळाली ती म्हाताऱ्यांची. इस्पितळाच्या मालिकेत खाटेवर पडून राहायचं आणि तोंडावर चादर ओढून घ्यायची. मांसाच्या रश्शाच्या जाहिरातीत आजी व्हायचं आणि जावयाला वाढायचं. एकदा एका मोठ्या सिनेमात राजवाड्यातली दासी. "महाराज, वैद्य आलेत." तिने बेरिलला फोन करून सांगितलं, "अगं, इन्स्पेक्टरला बढती मिळाली." मालिका संपली तेव्हा बेरिलने मला पेटीत ठेवलं आणि मधूनमधून पेटी उघडून ती मला हे सगळं ऐकवायची. ऐकून मी करणार काय? केसांना हात नसतात.

मग संग्रहालयाने मला मागून घेतलं. माझ्या पेटीवर एक पाटी आहे. तिच्यावर लिहिलंय, 'सॉल्टगेट' मालिकेतल्या मिसेस स्किपसीचे प्रसिद्ध केस. खाली मिस लव्हडेचं नाव आहे, बरं झालं आहे. माझ्या जाळीची जात लिहिली आहे. मी ज्या लाकडावर बसलोय त्या झाडाचंही नाव लिहिलंय. त्या पाटीवर झाडाला जागा आहे, मुरिएलला नाही.

एका शरद ऋतूत ती आली. बेरिलबरोबर आली होती, पण बेरिल खालीच चहाच्या रांगेत राहिली. ती काठी टेकत माझ्यासमोर उभी राहिली. वाळली होती. खोकत होती. तिने पाटी वाचली, नीट, वरपासून खालपर्यंत, आणि चष्मा काढून पर्समध्ये ठेवला.

"बरा आहेस ना?" ती मला म्हणाली. "छान ऊब आहे रे तुझ्याकडे. माझ्या घरापेक्षा कोरडं आहे."

तेवढ्यात एक जोडपं आलं, साठीचं असेल, बार्न्सलीकडचं. नवरा-बायको दोघंही मला बघून हरखले. बाईने मुरिएलच्या दंडाला हळूच हात लावला.

"मावशी, जरा बाजूला होता का? आमचा ह्याच्याबरोबर एक फोटो काढाल? एवढं बटण दाबायचं."

मुरिएलने काठी भिंतीला टेकवली आणि कॅमेरा घेतला. "डावीकडे सरक जरा, राणी," ती म्हणाली. "तुझ्या मिस्टरांचं अर्धं डोकं जातंय."

ती बाई चमकून बघायला लागली. "अगंबाई, तुमचा आवाज अगदी तिच्यासारखा आहे. मिसेस स्किपसीसारखा. कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

"सांगितलंय," मुरिएल म्हणाली.

"केस तेवढे जमले नाहीत," नवरा म्हणाला आणि खुशीत हसला.

"नाही जमले," मुरिएल म्हणाली. "हसा आता." आणि तिने बटण दाबलं. फोटो चांगला आला असणार, कारण दिव्यापुढे कसं उभं राहायचं आणि दुसऱ्याला कसं उभं करायचं हे तिच्याइतकं कुणाला कळत होतं? ते तिला मनापासून थँक यू म्हणाले आणि निघून गेले. ती अजून थोडा वेळ उभी होती. मग खोकल्याची उबळ आली आणि ती काठी घेऊन खाली गेली.

त्याच हिवाळ्यात ती गेली. छातीत कफ दाटला होता. तिच्या घराच्या भिंतींना ओल धरली होती, घरमालकाला सांगून सांगून ती थकली होती, आणि इथे माझ्या पेटीत दमट हवा शिरू नये म्हणून रोज एक माणूस येऊन काटा बघून जात होता.

हे मला कसं कळलं? बेरिलने सांगितलं. ती एका सकाळी संग्रहालय उघडल्या उघडल्या आली, कोटाचं बटण चुकीच्या काजात लावलेलं, हातात वर्तमानपत्र. ते तिने माझ्या काचेवर थाडकन दाबून धरलं, मला वाचता यावं असं. अर्ध्या पानाची बातमी होती. थोर अभिनेत्री. उत्तरेचा आवाज. तिच्यासारखी पुन्हा होणे नाही. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय. आणि बातमीच्या मधोमध मोठा रंगीत फोटो. फोटोत लालभडक मी होतो. माझ्याखाली कॅरोलिन स्ट्रॉड हसत होती.

"बघ," बेरिल मला म्हणाली. तिने फोटोवर बोट ठेवलं. "बघ हे."

इथला राखणदार लगबगीने आला. भला माणूस आहे तो, आवाज चढवत नाही. "बाई, काचेला हात लावू नका."

"हा फोटो बघ," बेरिल त्याला म्हणाली. "वर नाव मुरिएल ऑल्डरॉइडचं आहे. फोटो बघ आणि सांग मला."

त्याने वर्तमानपत्र हातात घेतलं. फोटोकडे बघितलं. मग वाकून माझ्याकडे बघितलं, माझे वेढे, माझा रंग, माझी उंची. पुन्हा फोटोकडे बघितलं. तो खरोखर मन लावून बघत होता.

"तोच टोप आहे की, बाई," तो म्हणाला. "चूक कुठे आहे?"

मित्रांनो, मला आवाज असता तर त्या दिवशी ही काच फुटली असती. तुमच्याकडेही नट-नट्या म्हाताऱ्या होतात. कुणाचा शालू लोकांच्या लक्षात राहतो, कुणाची मिशी, कुणाची एखादी लकब, आणि माणूस कुठल्याशा खोलीत खोकत असतो. त्याच्या मरणाची वाट बघून मग थोर म्हणू नका. आजच जा. भिंतीला ओल आहे का बघा, दार वाजवून आत बसा, आणि तुमचं सगळ्यात चांगलं काम कुठलं हो, असं विचारून ती सांगेल ते शेवटपर्यंत ऐका. तिच्या तोंडाकडे नीट बघून घ्या. माझी काळजी करू नका, मला कसर लागली तरी कुणाचं काही जात नाही. आणि कधी इकडे आलात, तर माझ्यासोबत फोटो काढू नका.